घरपणाचा ताळेबंद

मराठी साहित्याने घराला भरपूर प्रतिमा दिल्या. ते घर कोणाच्या पैशाने उभे राहते, हे मात्र आपल्या समीक्षेने क्वचितच विचारले. कोपरीसारख्या जुन्या वस्तीत, जिथे इमारतीचा पुनर्विकास हा नित्याच्या बोलण्याचा विषय आहे, हा प्रश्न टाळता येत नाही.

'घराला घरपण देणारी माणसं' हे पुण्याच्या डी. एस. कुलकर्णी यांच्या कंपनीचे घोषवाक्य मराठी म्हणून निर्दोषच होते. पण त्यामागे सामान्य ठेवीदारांच्या मुदतठेवीही होत्या. ठेवीची मुदत काही वर्षांत संपते. जमीन, परवानग्या, बांधकाम आणि विक्री यांना दशकही लागू शकते. ठेवीदारांच्या फसवणुकीच्या आरोपावरून २०१८ साली कुलकर्णी यांना अटक झाली.

आमच्या मते बांधकाम कंपन्यांच्या दिवाळखोरीचे मूळ बव्हंशी या काळाच्या विसंगतीत आहे. अल्प मुदतीचे कर्ज दीर्घ मुदतीच्या जमिनीत अडकते. विक्री मंदावली की जुने कर्ज फेडण्यासाठी नवे काढावे लागते. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएसची देणी थकली आणि वित्तसंस्थांकडून मिळणारे हे नवे कर्जही आटले. मुंबईच्या एचडीआयएलकडे विमानतळाच्या जमिनीवरील झोपडपट्टी पुनर्वसनाचे प्रचंड काम होते. २०१३ साली तो करार रद्द झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पुढच्याच महिन्यात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, कारण तिच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम या एकाच समूहाकडे होती. ठेवीदाराला प्रारंभी सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. त्यांच्यापैकी कित्येकांनी एचडीआयएलचे घर कधी पाहिलेही नसेल.

इमारत पुरी होण्याआधी हप्ते भरणारा माणूस जाहिरातीच्या भाषेत 'स्वप्न पाहणारा' असतो. व्यवहारात तो बिनव्याजी आणि बिनतारणाचे कर्ज देत असतो. २०१७ पासून रेरा कायद्याने त्याच्या पैशातील सत्तर टक्के वाटा स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले आणि २०१८ च्या दुरुस्तीने दिवाळखोरी संहितेत त्याला वित्तीय धनको मानले. म्हणजे नेमका शब्द साहित्याआधी कायद्याला सापडला!

घराच्या प्रतिमेचा मोह सोडावा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु जाहिरातीही याच प्रतिमांवर पोसल्या आहेत. म्हणूनच साहित्याच्या वर्गात घोषवाक्याइतकाच खरेदीचा करारनामाही संहिता म्हणून वाचला गेला पाहिजे, असे आम्हांस वाटते.