आवाजाच्या डब्यावर नाव कुणी लिहायचं?

परवा वन्सं आल्या होत्या. जेवणं झाली, मागचं आवरलं, आणि पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, ‘‘वहिनी, आईच्या ओव्या लाव ना जरा. तू रेकॉर्डिंग केलं होतंस ना मोबाइलवर?’’

माझ्या पोटात गोळाच आला. रेकॉर्डिंग केलं होतं हे खरं. पावसाळ्यातली संध्याकाळ होती, लाइट गेलेले. सासूबाई आणि शेजारपाजारची एक बाई अशा दोघी तांदूळ निवडत बसल्या होत्या. बोलता बोलता जात्यावरच्या ओव्या निघाल्या. आमच्या घरातलं जातं कधीच कोपऱ्यात गेलंय, त्यावर पोती रचलीत. पण ओव्या काही कोपऱ्यात गेल्या नव्हत्या. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं ती उचलायची. मी गुपचूप मोबाइल चालू केला. मध्येच कुणाचा तरी फोन आला, म्हणून रेकॉर्डिंग तुटलं, मग पुन्हा चालू केलं. दोन तुकडे मिळून वीस-बावीस मिनिटं झाली असतील.

त्यानंतर वर्षभरानं सासूबाई गेल्या.

वन्संच्या समोर मी मोबाइल उघडला. ‘रेकॉर्डिंग ००४’, ‘रेकॉर्डिंग ०१२’, ‘नवीन फाईल’. एकात नातवाचं पाठांतर, एकात बचत गटाच्या मीटिंगचा गलका, एकात नुसती खरखर. ओव्या कुठेच नाहीत. वन्सं काही बोलल्या नाहीत. ‘‘राहू दे गं, सापडेल नंतर,’’ एवढंच म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा मला बघवेना.

काय झालं होतं ते नंतर लक्षात आलं, आणि चूक सर्वस्वी माझीच होती. मला पॉडकास्ट ऐकायचा नाद आहे. पॉडकास्ट म्हणजे रेडिओसारखेच कार्यक्रम, पण आपल्याला हवे तेव्हा ऐकायचे, भाग उतरवून घेऊन जवळ ठेवायचे. ‘आयपॉड’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ या दोन शब्दांची जोड लावून हा शब्द २००४ साली आला. आम्ही पौडला राहतो. पुण्याकडे जाताना रेंज असते, पण ताम्हिणीच्या बाजूला निघालं की मध्येमध्ये जातेच. म्हणून घरीच कॉम्प्युटरवर भाग उतरवायचे आणि मोबाइलमध्ये घ्यायचे, ही सवय. कॉम्प्युटर आणि मोबाइल, दोन्हीकडचा फोल्डर एकसारखा राहावा म्हणून मुलानं ‘सिंक’ लावून दिलं होतं. छान चाललं होतं.

एकदा जागा भरली म्हणून मी कॉम्प्युटरवरची साफसफाई काढली. नाव नसलेल्या फायली म्हणजे ऐकून झालेला जुना कचरा, असं समजून धडाधड उडवल्या. पुढच्या वेळी वायर जोडली, आणि सिंकनं आपलं काम चोख केलं. कॉम्प्युटरवर नाही, मग मोबाइलवर तरी कशाला? तिथूनही पुसून टाकलं. सिंक म्हणजे आरसा असतो हो. आपण टिकली काढली की आरशातलीही जाते. मी मात्र त्याला दुसरी प्रत समजून बसले होते.

एक तुकडा मात्र वाचला. कणीक मळताना कानाला लावायला माझ्याकडे एक जुना छोटा एमपीथ्री प्लेयर आहे. त्यात कधीतरी पहिला तुकडा हातानं कॉपी केला होता. त्या बिचाऱ्याला सिंक माहीतच नव्हतं म्हणून तो राहिला. वन्संना फोन करून ऐकवला. पलीकडून बराच वेळ नुसतं हुंदके ऐकू आले. मग त्यांनी विचारलं, ‘‘वहिनी, आईबरोबर दुसरी कोण गं? किती गोड गळा!’’

आणि मला ते आठवेना. मी एक नाव सांगितलं, वन्संनी दुसरंच सांगितलं. ज्या बाईनं माझ्या सासूबाईंच्या ओळी उचलून धरल्या, तिचा आवाज माझ्याजवळ आहे आणि नाव नाही. फाईल हरवली त्यापेक्षा मला याची लाज जास्त वाटली.

मैत्रिणींनो, ही लाज वाटायला आणखी एक कारण आहे. आमच्या या मुळशीतच या कामाचा केवढा मोठा धडा घालून दिलेला आहे! हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ही दोन नावं तुमच्यापैकी काहींनी ऐकली असतील. पुण्यात ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ ही संस्था या दोघांनी उभी केली. गी मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात येऊन राहिले ते इथलेच झाले. डोंगरातल्या गोरगरीब बायकांबरोबर काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की या बायका सभेत जे बोलत नाहीत ते जात्यावर बोलतात. मग ओव्या गोळा करायला सुरुवात झाली. आमच्या तालुक्यातल्या गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्या या कामात होत्या. नांदगावच्या कुसुम सोनवणे, कोळवड्याच्या ताराबाई उभे यांनी ओव्या गायल्या. हे काम पुढे महाराष्ट्रभर पसरलं. वीस वर्षांहून जास्त काळ चाललेल्या या खटपटीतून एक हजारावर गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. पुढे बर्नार्ड बेल हे संगीताचे फ्रेंच अभ्यासक आणि इंजिनियर सोबतीला आले. सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं आणि सगळ्या ओव्या कॉम्प्युटरमध्ये नीट लावल्या गेल्या.

मला सर्वांत भावतं ते हे ‘नीट लावणं’. एक लाख ओव्या नुसत्या गोळा करून ठेवल्या असत्या तर पोत्यात भरलेल्या मण्यांसारख्या झाल्या असत्या. यांनी काय केलं? ओवी कुणी गायली, कुठल्या गावची, तालुका कुठला, हे लिहिलं. मग विषयांप्रमाणे कप्पे केले. सीतेच्या ओव्या वेगळ्या, भावाच्या वेगळ्या, लेकीच्या, सासुरवासाच्या, बाबासाहेबांच्या वेगळ्या. कप्प्यात पुन्हा पोटकप्पे. म्हणून गी २००४ साली आणि हेमाताई २०१० साली गेल्यावरही हा ठेवा विस्कटला नाही. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’नं तो पुढे नेला. २०१७ पासून तिथे या ओव्या आवाजासकट, गाणारीच्या नावागावासकट लोकांसमोर येत राहिल्या. जुन्या नोंदींवरनं त्यांची माणसं पुन्हा गावोगाव गेली, गाणाऱ्या बायकांना भेटली. नावच लिहिलेलं नसतं तर कुणाचं दार वाजवणार होते?

आता कुणी म्हणेल, ते मोठ्या अभ्यासकांचं काम, आपण घरगुती बायका. मला हे पटत नाही. कप्पे लावणं हे आपलंच तर काम आहे! बरणीवर ‘कैरी, या वर्षीची’ अशी चिठ्ठी आपण लावतो. साबुदाण्याचा डबा अंधारातही हाताला लागतो. पण मोबाइल आणि कॉम्प्युटर म्हटलं की आपण सारं मुलावर किंवा नवऱ्यावर सोपवतो. माझ्या मुलानं सिंक लावून दिलं, त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण कुठल्या फाईलमध्ये आजीचा आवाज आहे, हे त्याला कसं कळणार? ते मला माहीत होतं. म्हणजे नाव मीच द्यायला हवं होतं. यंत्र कुणी का चालवेना, डब्यावरची चिठ्ठी ज्याला आतलं माहीत आहे त्यानंच लिहायची असते.

म्हणून ठेच खाऊन शिकलेल्या चार गोष्टी सांगते. रेकॉर्डिंग झालं की त्याच रात्री फाईलचं नाव बदला. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग गाव, मग बाईचं नाव, मग काय गायलं ते. वर्ष आधी लिहिलं की फायली आपोआप ओळीनं लागतात. एकाच दिवशी दोन तुकडे झाले तर ०१, ०२ असे आकडे द्या. नुसते १, २ लिहिले तर पुष्कळशा प्लेयरमध्ये १० हा २ च्या आधी जाऊन बसतो, आणि गोष्टीचा शेवट सुरुवातीला ऐकू येतो. काही जुन्या प्लेयरना देवनागरी अक्षरं वाचता येत नाहीत, तिथे चौकोन दिसतात. अशा वेळी तेच नाव इंग्रजी अक्षरांत लिहा.

दुसरं, ऐकून टाकायचं आणि जपायचं हे एका फोल्डरमध्ये ठेवू नका. पॉडकास्टचे भाग, भजनं, रेसिपी हे एका फोल्डरात. ते येतील, जातील. त्याला सिंक लावा, खुशाल पुसा. घरच्या माणसांचे आवाज दुसऱ्या फोल्डरात, आणि त्याला सिंकचा वाराही लागू देऊ नका. त्याची हातानं कॉपी करायची. एक कॉम्प्युटरवर, एक मेमरी कार्डवर किंवा पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह जमलं तर माहेरी किंवा बहिणीकडे.

जागेचं म्हणाल तर ती सबब चालायची नाही. बोलण्याचा किंवा ओव्यांचा आवाज ६४ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये ठेवला तर तासाला साधारण २९ एमबी लागतात. हेमाताईंच्या प्रकल्पातले १२० तास या हिशेबानं साडेतीन जीबीत मावतील. आपल्या सासूबाईंचे, आईचे, मावशीचे असून असून किती तास असणार?

‘‘आता सगळं वर क्लाउडमध्येच राहतं, कशाला एवढी कटकट?’’ असं मला एकीनं विचारलं. राहतं, नाही असं नाही. पण कंपन्यांची दुकानं उघडतात तशी बंदही होतात. ज्या आयपॉडवरून पॉडकास्टला नाव मिळालं, तो आयपॉड बनवणं २०२२ साली थांबलं. कितीतरी जण ज्यावर पॉडकास्ट ऐकायचे ते गूगल पॉडकास्ट २०२४ साली बंद झालं. बाहेरचे कार्यक्रम दुसरीकडे सापडतील. आपल्या आईचा आवाज दुसरीकडे कुठे सापडणार आहे?

आणि एक गोष्ट अगदी मनापासून सांगायची आहे. जपणं वेगळं आणि पसरवणं वेगळं. जात्यापाशी बाई एकटी असायची, किंवा तिच्याच सारखी दुसरी समोर असायची. म्हणून तर ती सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, पोटच्या लेकीबद्दल मोकळं बोलायची. ते बोलणं रेकॉर्ड करून आपण ग्रुपवर टाकलं आणि ते चावडीपर्यंत पोचलं, तर तो तिचा विश्वासघात आहे. मी त्या संध्याकाळी गुपचूप मोबाइल चालू केला, तेही आता मला बरोबर वाटत नाही. आधी विचारायला हवं होतं. ‘‘आई, हे ठेवू का? कुणाला ऐकवू का?’’ विचारलं असतं तर त्या लाजून हसल्या असत्या. कदाचित त्या दुसऱ्या बाईनंही पदर सावरत आपलं नाव सांगितलं असतं, आणि ते रेकॉर्डिंगमध्येच आलं असतं! आता मी तेच करते. सुरुवातीला तारीख, गाव आणि ‘‘मावशी, तुमचं नाव सांगा’’ एवढं बोलूनच पुढे जाते. फाईलचं नाव पुसलं गेलं तरी आवाजात नाव राहतं.

आमच्या मुळशीला हरवणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. धरणाच्या पाण्याखाली गावं गेली. त्या धरणाविरुद्ध १९२१ साली इथे सत्याग्रह झाला. सेनापती बापटांचं नाव सगळ्यांना पाठ आहे, आणि असायलाच हवं. पण त्यात ज्या बायका होत्या त्यांच्यातल्या कितीजणींची नावं आपल्याला सांगता येतील? पुरुषांची नावं कागदावर गेली, बायकांचं जे होतं ते पुष्कळसं तोंडी राहिलं. आता आपल्या हातात कागदही आहे आणि यंत्रही. तरीही आपल्या घरातली बाई ‘रेकॉर्डिंग ०३७’ म्हणूनच राहणार असेल, तर दोष कुणाला द्यायचा?

मी वाचलेल्या तुकड्याला आता नीट नाव दिलंय. वर्ष, गाव, सासूबाईंचं पूर्ण नाव माहेरच्या नावासकट, आणि पुढे ‘सोबत गाणारी: नाव शोधायचे आहे’. पुढच्या आठवड्यात वन्सं आणि मी दोघी गावी जाणार आहोत. प्लेयर बरोबर घेऊन दारोदार ऐकवणार आहोत. कुणीतरी ओळखेलच. ती बाई स्वतःच भेटली तर फारच छान.

तुम्ही एक करा. आज रात्री झाकपाक झाली की मोबाइल उघडा, नाव नसलेली एक फाईल लावा, आणि तो आवाज कुणाचा ते तिच्यावर लिहून टाका. ओळखू येतंय तोवरच.