आधी स्क्रीनशॉट, मग दुकान

टॅबला नेमका फॉर्म भरायच्या दिवशीच झटका येतो. पेज वर सरकवलं की अक्षरांवर अक्षरं चढतात. कॅप्चाच्या जागी काळा चौकोन. व्हिडिओचा आवाज चालू, चित्र मात्र हिरवंगार. आणि ‘सबमिट’चं बटण तर गायबच! मग घरात ठरलेले डायलॉग सुरू होतात. ‘स्वस्तातला घेतलास ना, भोग आता.’ ‘डिस्प्ले गेला वाटतं.’ दुकानदारही फार खोलात न जाता डिस्प्ले बदलायचा भाव सांगतो आणि तो ऐकून वाटतं, त्यापेक्षा नवाच टॅब घेऊ की!

दोस्तांनो, इथेच थांबा. ब्राउझरमधलं चित्र बिघडणं आणि टॅब बिघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातला फरक ओळखायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि थोडा धीर लागतो. तो न दाखवल्यामुळे आईबाबांचे काही हजार रुपये विनाकारण जाऊ शकतात.

आधी आत काय चालतं ते बघू. आपल्या हातातल्या जवळपास प्रत्येक टॅबमध्ये ‘आर्म’ पद्धतीची चिप असते. आर्म ही १९९० मध्ये उभी राहिलेली केंब्रिजची कंपनी. चिप विकणं हा तिचा मुख्य धंदा नाही. ती चिपचे आराखडे वापरायला देते. त्यांच्या आधारे क्वालकॉम, मीडियाटेक, सॅमसंग, अॅपल आपापल्या चिप तयार करतात. त्याच चिपवर चित्र रंगवणारा एक वेगळा भाग असतो, तो जीपीयू. कुठे आर्मचाच माली, कुठे क्वालकॉमचा अॅड्रिनो, कुठे पॉवरव्हीआर. म्हणजे ‘आर्मचा टॅब’ असं म्हटलं तरी आतला रंगारी प्रत्येक ठिकाणी वेगळा. म्हणून मैत्रिणीच्या टॅबवर नीट दिसणारं पेज तुमच्या टॅबवर फाटू शकतं.

ब्राउझर आणि जीपीयू यांच्यामध्ये एक दुभाषा लागतो. त्याला म्हणतात ड्रायव्हर. त्याने एखादी सूचना चुकीची पोहोचवली की पडद्यावर भलतंच उमटतं. लॅपटॉपवर हा ड्रायव्हर बऱ्याचदा वेगळा डाउनलोड करता येतो. अँड्रॉइड टॅबवर तो सहसा कंपनीच्या सिस्टिम अपडेटबरोबरच येतो. ब्राउझर मात्र प्ले स्टोअरवरून दर काही आठवड्यांनी नवा होतो. कंपनीने अपडेट थांबवले की गंमत होते. ब्राउझर नवनवीन युक्त्या शिकत राहतो आणि दुभाषा टॅब घेतला त्याच वर्षात अडकून बसतो. क्रोमियम बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. कोणत्या ड्रायव्हरमध्ये कोणता दोष आहे आणि तो टाळायचा कसा, याची यादीच ते ब्राउझरच्या आत ठेवतात.

दोष भलत्याच्याच माथी कसा जातो, याचं एक उदाहरण मार्च २०२१चं. जगभरात अनेकांच्या अँड्रॉइड फोनवर जीमेलसारखी अॅप्स धडाधड बंद पडू लागली. लोक फोनला आणि त्या अॅप्सना शिव्या देत होते. खरा दोषी होता ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’, म्हणजे अॅपच्या आत वेबपेज दाखवणारा भाग. त्याचं एक अपडेट गंडलं होतं. नवं अपडेट आलं आणि प्रश्न सुटला. तिथे चित्र बिघडलं नव्हतं, अॅप बंद पडत होतं. पण धडा तोच. जे डोळ्यांना दिसतं तिथेच बिघाड असतो असं नाही.

मग करायचं काय? पहिलं काम, स्क्रीनशॉट काढा आणि तो दुसऱ्या फोनवर पाठवून बघा. तिथेही चित्र फाटलेलंच दिसलं, तर गडबड सॉफ्टवेअरची. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल आणि टॅब आडवा-उभा केल्यावरही डाग काचेच्या त्याच कोपऱ्यात राहत असेल, तर संशय डिस्प्लेवर. दुकानात जायचं ते तेव्हा.

दुसरं, तेच पेज दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. पण ब्राउझर निवडताना डोकं लावा. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट ही सगळी एकाच क्रोमियमची भावंडं. एकाला सर्दी झाली की बाकीच्यांनाही होऊ शकते. खरी तुलना हवी असेल तर फायरफॉक्स घ्या, त्याचं इंजिन वेगळं आहे. आयपॅडवर ही युक्ती फारशी चालत नाही, कारण आपल्याकडे तिथले सगळे ब्राउझर आतून अॅपलचंच वेबकिट वापरतात. तिथे आयपॅडओएसचं अपडेट बघा.

तिसरं, क्रोम आणि सिस्टिम वेबव्ह्यू दोन्ही अपडेट करा, टॅब बंद करून चालू करा. तरीही फरक नाही? मग क्रोमच्या अॅड्रेस बारमध्ये इंग्रजीत ‘क्रोम’, कोलन, दोन स्लॅश आणि ‘जीपीयू’ टाइप करा. कोणतं काम जीपीयू करतोय आणि कोणतं नाही, याची यादी समोर येते. ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ असं दिसलं, तर ते काम जीपीयूऐवजी मुख्य प्रोसेसर करतोय. विंडोजच्या आर्म टॅबवर क्रोम किंवा एजच्या सेटिंग्जमध्ये ग्राफिक्स अॅक्सिलरेशन बंद करायची सोय असते. ते बंद केल्यावर चित्र सुधारलं, तर चोर सापडला: जीपीयू किंवा त्याचा ड्रायव्हर. अँड्रॉइडवर असे प्रयोग ‘फ्लॅग्ज’च्या पानावर करता येतात. पण एका वेळी एकच बदल करायचा, बघायचं, उपयोग नसेल तर मागे घ्यायचा. पाच बटणं एकदम दाबलीत तर बरं कशामुळे झालं, हे देवालाही कळणार नाही! फॅक्टरी रिसेट हा तर अगदी शेवटचा उपाय, आणि तोही सगळ्या नोट्सचा बॅकअप घेतल्यावरच.

आणि हो, फॉर्मची मुदत आज संपत असेल तर यातलं काहीही करत बसू नका. सरळ कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेत जा, फॉर्म भरा. टॅबचं रविवारी बघता येईल, हुकलेली अॅडमिशन परत मिळत नाही.

हे झालं तुमच्या हातातलं. पण सगळी जबाबदारी विद्यार्थ्यांवर ढकलून मोकळं होणं बरोबर नाही. स्कॉलरशिप, कॅप राउंड, हॉल तिकीट, निकाल, आज सगळं ब्राउझरमधूनच होतं. ‘महाज्योती’सारखी संस्था जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांना टॅब देते, ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त असे टॅब खरेदी करताना रॅम आणि बॅटरीबरोबर ‘अपडेट किती वर्षं मिळणार’ हेही करारात लिहून घ्यायला हवं. नाहीतर चांगल्या हार्डवेअरचा टॅब दोन-तीन वर्षांत जुन्या ड्रायव्हरपायी अडखळायला लागेल. क्रोमने २०२५ मध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ला निरोप दिला. १३८ ही त्यांच्यासाठीची शेवटची आवृत्ती. असे टॅब चालू आहेत, पण त्यांच्यासाठी क्रोम पुढे सरकणार नाही.

युरोपीय संघाने यावर नियमच केला. २० जून २०२५ पासून तिथे लागू झालेल्या नियमांनुसार, एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं फोन आणि टॅबला ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट उपलब्ध ठेवावे लागतात. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीचा हक्क म्हणजे फक्त स्क्रू आणि सुटे भाग नव्हेत. सॉफ्टवेअर अपडेट हीसुद्धा दुरुस्तीच आहे, असं आता ठणकावून सांगायला हवं.

हे सांगायची सुरुवात तुम्हीच करू शकता. बिघाड दिसला की ‘टॅब बेकार आहे’ असं स्टेटस टाकून थांबू नका. टॅबचं मॉडेल, अँड्रॉइडची आणि ब्राउझरची आवृत्ती, कोणत्या पेजवर काय केल्यावर चित्र फाटलं आणि स्क्रीनशॉट, एवढं लिहून ब्राउझरच्या ‘फीडबॅक’मधून आणि टॅबच्या कंपनीला पाठवा. नीट लिहिलेली एक तक्रार ड्रायव्हरच्या दोषांच्या त्या यादीपर्यंत पोहोचली, तर तुमच्यासारखाच टॅब वापरणाऱ्या सगळ्यांचा प्रश्न सुटेल. आणि पुढच्या वेळी टॅब घ्यायला जाल, तेव्हा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारण्याआधी अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. उत्तर मिळालं नाही, तर पुढच्या दुकानात जा.