पटवून देण्याची विद्या

शालान्त परीक्षेच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांस एक निबंध वर्षानुवर्षे वाचावा लागतो. विषय विज्ञान असो, दूरदर्शन असो वा मोबाईल, तो ‘शाप की वरदान’ असा विचारलेला असतो. आणि पहिल्या परिच्छेदात वरदान, दुसऱ्यात शाप व अखेरीस नाण्याला दोन बाजू असतात हा निर्णय! तोच निबंध आता कृत्रिम बुद्धिमत्तेलाही बिनदिक्कत चालेल. त्यात खोटे काही नाही. परंतु लिहिणाऱ्याचे म्हणणेही कोठे नाही. सोळा वर्षांच्या मुलाला मतच नसते, असे त्याच्या घरची वडीलधारी मंडळी तरी म्हणणार नाहीत. मत आहे, ते दुसऱ्यास पटेल असे मांडण्याची विद्या मात्र आपण त्यास दिलेली नाही.

अभ्यासक्रमात मागणीपत्र व विनंतीपत्र आहे, असे यावर सांगण्यात येईल. पण हे पत्र कोणास? बहुधा एखाद्या पुस्तकविक्रेत्यास, जो ‘नाही’ म्हणण्याचा संभवच नाही. जेथे नकाराची भीती नाही तेथे युक्तिवादाचे प्रयोजन काय? दिनांक, विषय व ‘महोदय’ आपापल्या जागी असले की काम भागते.

खरे विनंतीपत्र कसे असते ते पाहावयाचे तर महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगास सादर केलेले निवेदन वर्गात वाचावे. वाचणारे सरकारी अधिकारी होते, आणि उच्च वर्गास शिकविले की विद्या आपोआप खाली झिरपेल हा विचार सरकार दरबारी रुजलेला होता. जोतीरावांनी त्याकडे डोळेझाक केली नाही. तो विचारच समोर घेऊन त्याचे फळ कोठे दिसते, असे विचारले. शाळा चालविण्याचा आपला अनुभव सांगितला. सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस होतो, हा हिशेब राज्यकर्त्यांस समजेल अशा भाषेत मांडला. आणि शेवटी काय हवे ते नेमके मागितले: किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण, प्रशिक्षित शिक्षक, मोडी, बालबोध, हिशेब व शेतीचे प्राथमिक ज्ञान. मागणी तेव्हा मान्य झाली नाही. तथापि निवेदनाचे बळ त्यामुळे उणे ठरत नाही.

मुलांस वाक्पटुत्व शिकविल्याने वितंडवादीच निपजतील, अशी धास्ती काही सुजाणांस वाटते. ती अगदीच निराधार नाही. रात्रंदिवस हातातील यंत्रावर येऊन आदळणारा प्रचार पाहिला म्हणजे पटवून देणाऱ्यांचा दुष्काळ आहे असे कोण म्हणेल? परंतु वाद, जल्प व वितंडा यांतील भेद आपल्या न्यायशास्त्राने फार पूर्वीच केला आहे. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद; केवळ जिंकण्यासाठी तो जल्प; स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे खंडन करीत राहणे ही वितंडा. वादात उतरणाऱ्याने आधी पूर्वपक्ष मांडावयाचा, आणि तोही प्रतिपक्षाने ‘होय, माझे म्हणणे हेच’ असे कबूल करावे इतका प्रामाणिकपणे. ज्या मुलाने हे एकदा केले, तो प्रचारकाच्या लेखात पूर्वपक्ष गाळलेला आहे हे चटकन ओळखील. वितंडवादावर याहून चांगला उतारा आम्हांस माहीत नाही.

यासाठी नवे पाठ्यपुस्तक नको. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यान्वये विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की नागरिकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. आपल्या वस्तीतील क्रीडांगणाचे आरक्षण उठत असेल, तर नववीच्या वर्गाने हरकत लिहावी. निर्णय कोणाच्या हाती, त्यास कोणती अडचण, कोणता पुरावा तो मानील, हे प्रश्न मग आपोआप उभे राहतात. नंतर वर्गातील दुसऱ्या विद्यार्थ्याने अधिकाऱ्याच्या भूमिकेतून ती हरकत सकारण फेटाळावी, आणि पहिल्याने पुन्हा लिहावे. शिक्षकांवर तपासणीचा भार वाढेल हे आम्ही जाणतो. चार ठराविक निबंधांऐवजी वर्षातून असे एकच पत्र तीनदा लिहून घेतले तरी चालेल. मात्र परीक्षा मंडळाने गुण देताना मायन्याऐवजी कारणांकडे पाहावे आणि पूर्वपक्ष गाळणाऱ्याचे गुण कापावेत. एवढा बदल तरी येत्या परीक्षेपासून व्हावा, अशी आमची मंडळास विनंती आहे.