फुटबॉलच्या ९० शिवणी आणि आपला स्पोर्ट्‌स टी-शर्ट



वर्गात नेहमीचा काळा-पांढरा फुटबॉल आणा आणि मुलांना विचारा, सांगा बघू, याचे तुकडे किती? २० षटकोन, १२ पंचकोन, एकूण ३२. मग विचारा, शिवणी किती? षटकोनांच्या बाजू १२०, पंचकोनांच्या ६०, बेरीज १८०. प्रत्येक शिवण दोन तुकड्यांत सामाईक, म्हणून निम्म्या, म्हणजे ९०. इथे गणिताचा तास संपतो. माझं म्हणणं असं की, तो इथे संपवू नका. आणखी एक प्रश्न विचारा: या ९० शिवणी कोणाच्या हातांनी घातल्या?

१९९६ साली अमेरिकेतल्या 'लाइफ' मासिकाने पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये फुटबॉल शिवणाऱ्या लहान मुलांवर लेख छापला. एका छायाचित्रात मुलाच्या हातातल्या बॉलवर नायकेचं चिन्ह होतं. जगभर टीका झाली. फेब्रुवारी १९९७ मध्ये सियालकोटचे उत्पादक, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्यात अटलांटा इथे करार झाला. घरोघरी चालणारं शिवणकाम तपासणी करता येईल अशा केंद्रांत आणायचं आणि मुलांना शाळेकडे वळवायचं, असं ठरलं.

हे शेजारच्या देशाचं म्हणून सोडून देता येणार नाही. फाळणीनंतर सियालकोटचे अनेक कारागीर जालंधरला आले आणि हा धंदा तिथे रुजला. तिथेही शिवणकाम घरोघरी चालायचं आणि त्यात मुलांचे हात होते. आपल्या शाळेच्या क्रीडासाहित्यातला बॉल बहुधा जालंधर किंवा मेरठचाच असतो.

आता मुलं लगेच म्हणतील, "मग आपण तो बॉल घ्यायचाच नाही!" इथे शिक्षकाने थांबवायला हवं. काम केंद्रांत गेल्यावर मुलं बाहेर पडली हे चांगलंच झालं, पण घराबाहेर जाऊन काम करणं ज्यांना शक्य नव्हतं अशा कित्येक बायकांची कमाईही गेली. २००६ साली नायकेने बेकायदा घरकामाचं कारण देऊन सियालकोटमधल्या आपल्या मोठ्या पुरवठादाराशी संबंध तोडले, तेव्हा हजारो कामगारांच्या पोटावर पाय आला. कंपनी आपलं नाव स्वच्छ करून बाजूला झाली, भोगावं लागलं शिवणाऱ्यांना. म्हणून नुसता बहिष्कार हे उत्तर नाही. आईवडिलांना पुरेशी मजुरी मिळाली तर मूल शाळेत टिकतं, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? ऊसतोडीच्या हंगामात रिकामे बाक आपणच पाहतो ना?

दुसरी बाजू पर्यावरणाची. खेळाचे बहुतेक कपडे पॉलिएस्टरचे, म्हणजे मूळ खनिज तेलाचे. प्रत्येक धुण्यात त्यातून सूक्ष्म तंतू सुटतात आणि पाण्यात जातात. 'जुन्या बाटल्यांपासून बनवलेला' अशी चिठ्ठी असली तरी तंतू सुटायचे थांबत नाहीत. रंगाईचं पाणी ही आणखी एक गोष्ट. तमिळनाडूतलं तिरुप्पूर हे होजिअरीचं मोठं केंद्र. तिथल्या रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्याने नोय्यल नदी इतकी खराब झाली की जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते कारखाने बंद करण्याचा आदेश दिला.

प्युमा कंपनीने स्वतःच २०१० या वर्षासाठी आपल्या धंद्यामुळे निसर्गाचं होणारं नुकसान पैशात मांडलं. आकडा आला १४.५ कोटी युरो. त्यातला फक्त ६ टक्के वाटा कंपनीच्या स्वतःच्या कचेऱ्या, दुकानं आणि गोदामांचा होता. बाकी ९४ टक्के पुरवठादारांकडे, म्हणजे कारखान्यांत, कातडी कमावण्याच्या ठिकाणी, शेतात. हिशेब मांडला याचं कौतुक करावं. पण त्यातून हेही कळतं की, कंपनीच्या चकचकीत इमारतीवर सौर पट्ट्या बसवल्या म्हणजे सगळं हिरवं झालं, असं नसतं. जाहिरातीतल्या 'हिरव्या' शब्दापुढे 'कुठे? किती?' असं विचारायला मुलांना शिकवलं पाहिजे.

आणि आपण? वार्षिक क्रीडामहोत्सवासाठी दरवर्षी नवा टी-शर्ट, त्यावर यंदाचं साल छापलेलं. पुढच्या वर्षी तो निरुपयोगी, कारण साल जुनं झालं! शंभर-दीडशे रुपयांत कापड, रंग, शिलाई, छपाई, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा बसवायचा. मग शिवणाऱ्याच्या वाट्याला काय उरत असेल, हा हिशेब पाचवीचं मूलही करू शकतं.

शाळा हीसुद्धा मोठी गिऱ्हाईक आहे, हे आपण विसरतो. पालकसभेत चार गोष्टी ठरवता येतील. टी-शर्टवर साल छापायचं नाही. मोठ्या मुलांचे कपडे धुऊन लहानांना द्यायचे. ऑर्डर देताना पुरवठादाराला माल कुठे शिवला जातो हे विचारायचं. आणि फक्त सर्वांत कमी दर पाहून ऑर्डर द्यायची नाही. पहिल्या वर्षी पुरवठादार हसेल किंवा उत्तर टाळेल. पण तालुक्यातल्या दहा शाळांनी तेच विचारलं, तर त्याला उत्तर शोधावंच लागेल.

मुलांना महागड्या बुटांची हौस असते, त्यावर त्यांना बोल लावू नका. फक्त फुटबॉल हातात द्या, शिवणी मोजायला लावा आणि तो आणखी एक प्रश्न विचारायला विसरू नका.