नायट्याच्या मलमात स्टेरॉइड कशाला?

मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, यांस,

नायट्याच्या मलमांचा विषय आपल्या कार्यालयाला नवा नाही. १४ स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असे केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये ठरवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली आणि त्यांत स्टेरॉइड व बुरशीनाशक एकत्र असलेली काही मलमेही होती. त्वचारोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना त्याच्याही आधीपासून ओरडून सांगत होती. इतके होऊनही आज राज्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मेडिकलमध्ये जाऊन ‘जांघेत खाज येते’ एवढे सांगितले, की चिठ्ठी न विचारता हातात जी ट्यूब पडते, तिच्यात बुरशीनाशकासोबत स्टेरॉइड असण्याचीच शक्यता मोठी. नियम करणारे दिल्लीत बसतात हे खरे, पण दुकानाचा परवाना आपण देता, तपासणीला आपले औषध निरीक्षक जातात आणि परवाना निलंबित करण्याचा अधिकारही आपलाच आहे. म्हणून हे पत्र आपल्याला.

नायटा, म्हणजेच गजकर्ण, हा त्वचेच्या वरच्या थरात वाढणाऱ्या बुरशीचा रोग. घामाने ओलसर राहणारी जांघ, कंबर आणि काख ही त्याची आवडती ठिकाणे; आपला पावसाळा आणि न वाळणारे कपडे त्याला पोसतात. चट्टा लहान आणि नवा असेल तर त्याच्यावर घरी उपचार करता येतात, आणि लोकांनी ते करू नयेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिनसारखे नुसते बुरशीनाशक मलम चट्ट्यावर आणि कडेच्या बाहेर दोन बोटे लावायचे, चट्टा दिसेनासा झाल्यावरही पुढे दोन आठवडे लावत राहायचे, टॉवेल आणि अंतर्वस्त्रे वेगळी ठेवून गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायची, घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्याचाही उपचार त्याच वेळी करायचा. एवढ्याने पुष्कळांचे भागते. चुना, लिंबू किंवा बिब्बा लावून कातडी भाजून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरे. अडचण अशी, की या साध्या उपचारात स्टेरॉइडाला कुठेच जागा नाही आणि काउंटरवरून मात्र तेच मिळते.

स्टेरॉइड काय करते हे आपल्या निरीक्षकांना शिकवायला नको. तरी आपण गप्प का, हे समजून घेण्यासाठी ते पुन्हा सांगावे लागते. या मिश्रणांत सर्रास आढळणारे क्लोबेटासोल हे अतितीव्र वर्गातले स्टेरॉइड आहे. सौम्य हायड्रोकॉर्टिझोनच्या सुमारे ६०० पट त्याची ताकद सांगितली जाते. सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त ते वापरू नये, जांघेत आणि चेहऱ्यावर तर टाळावेच, असा वैद्यकीय दंडक आहे. नायट्यावर ते लावले की एकदोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. रुग्णाला वाटते गुण आला. प्रत्यक्षात शरीराचा प्रतिकार दबलेला असतो आणि बुरशी निर्धास्तपणे पसरत असते. मलम थांबवले की खाज दुप्पट होऊन परतते, म्हणून रुग्ण पुन्हा तीच ट्यूब आणतो. महिने उलटतात, कातडी पातळ होते आणि जांघेत जे भेगांसारखे पट्टे उमटतात ते आयुष्यभर जात नाहीत. चट्ट्याचे रूप इतके बदलते की तज्ज्ञालाही निदान अवघड जाते.

याची किंमत एकेका रुग्णापुरती राहिलेली नाही. भारतातून पसरलेल्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या बुरशीला २०२० मध्ये स्वतंत्र नाव मिळाले. टर्बिनाफिन तिच्यावर अनेकदा चालत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे दोन रुग्ण नोंदवले गेले, तेव्हा अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने डॉक्टरांना सावध केले. जिथे एके काळी गोळ्यांचे दोन आठवडे पुरत, तिथे आता इट्राकोनॅझोल कित्येक आठवडे घ्यावे लागते. या फैलावामागच्या कारणांत तज्ज्ञ स्टेरॉइड-मिश्रित मलमांचे नाव आवर्जून घेतात. चेहऱ्याबाबतचा पुरावा तर २०११ पासून छापील आहे: देशातल्या बारा केंद्रांत तपासलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते आणि त्यांतल्या २५७ जणांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवले होते. काउंटरवर सल्ला कोण देते, हे या आकड्यावरून आपल्याला कळायला हरकत नसावी.

यावर ठरलेली उत्तरे आहेत, ती मी ऐकून आहे. खेड्यात त्वचारोगतज्ज्ञ नाही, मग गरिबाने काय करायचे? त्याने साधे बुरशीनाशक मलम घ्यावे. ते त्याच दुकानात, त्याच फळीवर असते. गरिबाच्या नावाने त्याच्या हाती अपायकारक वस्तू देण्याचे समर्थन होत नाही. दुसरे उत्तर केमिस्टांचे: आम्ही नाही दिले तर शेजारचा देईल. हे खरेच आहे, आणि म्हणूनच तपासणी एखाददुसऱ्या दुकानाची न होता सगळ्यांची व्हायला हवी. तिसरे, डॉक्टरही हीच मलमे लिहून देतात. देतात, आणि ते चूक आहे. पण त्यामुळे नायट्याच्या औषधात स्टेरॉइड घालण्याला आधार मिळत नाही, उलट अशी मिश्रणे बनवूच नयेत हा मुद्दा पक्का होतो. इसब आणि सोरायसिसवर स्टेरॉइड मोलाचे आहे. त्यावर बंदी मी मागत नाही.

आणि ही मिश्रणे बाजारात आली कशी? संसदेच्या स्थायी समितीने मे २०१२ मध्येच नोंदवले, की केंद्राची मंजुरी नसताना राज्यांच्या परवाना अधिकाऱ्यांनी मिश्र औषधांना उत्पादन परवाने दिले. २०१६ मधली ३४४ औषधांवरची बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, फेरतपासणी झाली, तेव्हा कुठे २०१८ उजाडले. ही सगळी वर्षे लोक मलम चोळत राहिले.

चिठ्ठीविना स्टेरॉइड विकल्याबद्दल २०१८ पासून राज्यात किती दुकानांवर कारवाई झाली आणि किती परवाने निलंबित झाले, याचे जिल्हावार आकडे प्रसिद्ध करा. उरलेल्या स्टेरॉइड-बुरशीनाशक मिश्रणांवर बंदीची शिफारस केंद्राकडे लेखी पाठवा आणि ते पत्र जनतेला दाखवा. प्रत्येक औषध दुकानात ‘नायट्यावर स्टेरॉइड लावू नका’ असा मराठी फलक लावणे सक्तीचे करा. आणि हे येत्या पावसाळ्याच्या आत करा.

एक नागरिक