फोटो प्रिंटर घ्यायचाय? आधी ऑर्डरची वही उघडा



मागच्या महिन्यात साताऱ्यातलं शिबिर संपल्यावर कोरेगावचा एक मुलगा थांबला. स्टुडिओ टाकून दोन वर्षं झालेली. हातात डाय-सब प्रिंटरचं कोटेशन आणि डोक्यात मुद्रा कर्ज. "सर, लग्नात जागेवर प्रिंट दिली की पाहुणे खूश होत्यात. धंदा डबल होईल." मी विचारलं, गेल्या वर्षी जागेवर प्रिंट किती जणांनी मागितली? जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चार-पाच."

मित्रांनो, गडबड इथंच होते. आपण मशीन आधी बघतो, गिऱ्हाईक नंतर शोधतो. माझं मत सरळ आहे. तालुक्याच्या गावातल्या नव्या स्टुडिओनं पहिला प्रिंटर इंक टँकचाच घ्यावा. अल्बम लॅबला द्यावा. आणि डाय-सब, वहीत ऑर्डर दिसल्याशिवाय घेऊच नये. डीलर लोकांना हे आवडणार नाही, पण हप्ता तुम्हाला भरायचाय, त्यांना नाही.

आता कारणं सांगतो. काउंटरवरचं काम म्हणजे पासपोर्ट फोटो, ४ बाय ६, फ्रेमसाठी ए-४. यातलं पासपोर्टचं काम पूर्वीसारखं राहिलेलं नाही. पासपोर्ट सेवा केंद्रात फोटो तिथंच काढतात, आधारचाही तसाच, आणि स्पर्धा परीक्षांच्या फॉर्मला फोटो अपलोड करावा लागतो. जे काही काम उरलंय, त्याला एपसन एल-८०५० सारखा सहा रंगांचा टँक प्रिंटर पुरतो. बाटलीनं शाई भरायची, कागद तुमच्या पसंतीचा.

पण याचं एक दुखणं आहे. याला रोज काम लागतं. तुळशीचं लग्न झालं की आपला सीझन सुरू होतो आणि चातुर्मास लागला की थंडावतो. पावसाळ्यात मशीन कापड टाकून ठेवलं की नोझलमध्ये शाई सुकते. मग हेड क्लीनिंग करत बसायचं, आणि प्रत्येक क्लीनिंगला शाई जाते. त्यामुळे काम असो-नसो, दर दोन-तीन दिवसांनी एक रंगीत पान काढायचं. घरातल्या पोराचा फोटो काढा, देवाचा काढा, पण काढा.

डाय-सबची गोष्ट वेगळी. त्यात शाई नसतेच, रिबन असते. पिवळा, किरमिजी, निळा असे रंग एकामागून एक उष्णतेनं कागदावर उतरतात आणि शेवटी वरून पारदर्शक थर बसतो. प्रिंट हातात येते ती कोरडीच. सुकायचं काही नाही, म्हणून चार महिने बंद ठेवलं तरी शाई अडकायची भीती नाही. फक्त धूळ सांभाळायची. हेडवर कण बसला की प्रत्येक फोटोवर रेघ येते. उन्हाळ्यात मंडपात मशीन मांडणाऱ्यांनी हे लिहून ठेवा.

त्या पारदर्शक थराचं महत्त्व सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा कपाटातले अल्बमही भिजले. साध्या डाय शाईची इंकजेट प्रिंट पाण्यात पडली की रंग पसरतो. डाय-सबची प्रिंट ओल्या हातांनी धरली तरी लगेच बिघडत नाही. महिनाभर पाण्यात राहिली तर काय होईल याची हमी मी देणार नाही, पण लग्नातल्या सरबताच्या हातांना ती पुरून उरते.

मग एवढं चांगलं असताना नको का म्हणतो? हिशोबामुळे. डाय-सबमध्ये प्रत्येक प्रिंटला ठरलेली रिबन जातेच, फोटो काळा असो की पांढराफटक. डीएनपीच्या आरएक्स-१ एचएसमध्ये ४ बाय ६ चा एक रोल ७०० प्रिंटचा. म्हणजे एका प्रिंटचा खर्च पक्का काढता येतो, ही खरं तर चांगली गोष्ट आहे. आता आकडे मांडू, हे धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या कोटेशनचे टाका. समजा मशीन ७५ हजार. प्रिंट ५० रुपयांना विकली, रोलचे १५ गेले, पाकीट, पेट्रोल आणि मदतीच्या पोराचे १० गेले. हातात राहिले २५. मशीन फिटायला ३,००० प्रिंट. एका कार्यक्रमात १२० धरल्या तर २५ कार्यक्रम. त्या मुलाकडं वर्षाला पाच. म्हणजे पाच वर्षं, आणि व्याज मी धरलेलंच नाही.

मुद्रामध्ये किशोर गटात ५० हजारांच्या पुढं ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं, म्हणून ते घेतलंच पाहिजे असं कुठं आहे?

"मग कॅननचा छोटा सेल्फी घेऊ का सर?" असंही विचारतात. सीपी-१५०० ला एका पोस्टकार्डला साधारण ४१ सेकंद लागतात. तासाला ८५-८७ प्रिंट, त्याही कुणी न थांबता कागद भरत राहिलं तर, कारण ट्रेमध्ये १८ कागद बसतात. बारशाला, डोहाळजेवणाला ठीक आहे. हजार माणसांच्या रिसेप्शनला स्टेजखाली रांग लागेल आणि नवरदेवाचा मामा तुमच्यावर ओरडेल.

तिघांनी मिळून एक मशीन घेतलेलंही मी पाहिलंय. पहिल्याच सीझनला तिघांच्या ऑर्डर एका मुहूर्तावर आल्या. पुढचं सांगत नाही.

ज्यांच्या वहीत खरंच वर्षाला २५-३० ऑर्डर आहेत त्यांनी डाय-सब जरूर घ्या, पण डीलरला आधी विचारा की रोल कुठून येणार. बहुतेक मशीन स्वतःच्याच कंपनीचा रोल घेतात, शेजारच्याचा उसना चालत नाही. रविवारी कऱ्हाडला लग्न आणि रोल पुण्याहून सोमवारी, असं झालं तर विसार परत द्यावा लागतो. एक जादा रोल कायम घरात पाहिजे, आणि त्याचेही पैसे भांडवलात धरा. मोठ्या रोलवर छोटी प्रिंट काढल्यावर उरलेली रिबन मागं गुंडाळून परत वापरता येते का, हेही विचारा. नाहीतर अर्धी वाया. हेड बिघडलं तर माणूस इथं येणार की मशीन मुंबईला पाठवायचं, हे कागदावर लिहून घ्या. माझ्या ओळखीच्या एकाला डीलरनं तोंडी "सगळं होतंय" सांगितलं होतं, आणि ऐन मे महिन्यात मशीन तीन आठवडे बाहेर होतं.

कार्यालयातल्या विजेचंही बघा. कागदावर रंग चढवायला हेड तापवावं लागतं, करंट जास्त लागतो. घरगुती इन्व्हर्टरच्या भरवशावर जाऊ नका. प्रिंट चालू असताना वीज गेली की ती प्रिंट फुकट.

कोरेगावच्या मुलानं कोटेशन खिशात परत घातलं. तुळशीच्या लग्नानंतरच्या तीन ऑर्डरना साताऱ्यातून प्रिंटर आणि चालवणारा माणूस भाड्यानं घ्यायचं ठरलंय. प्रत्येक ठिकाणी किती प्रिंट मागितल्या आणि किती जणांनी खरंच पैसे दिले, असे दोन रकाने त्यानं वहीत आखलेत. फेब्रुवारीत ती वही घेऊन येतो म्हणालाय.