पर्स पुरे, आता सॅक शिवूया

खांद्याला लावायची शबनम पिशवी ही एके काळी चळवळीतल्या माणसाची खूण होती. पत्रकं, डायरी, पाण्याची बाटली, शिबिराला जायचं असेल तर एक जादा साडी, सगळं तिच्यात मावायचं. बसच्या प्रवासाला आणि मोर्च्यात चालायला ती ठीकच. पण शबनम अडकवून सायकलवर बसून बघा. चार पायडल मारले की ती पाठीवरून घसरून पुढे येते, गुडघ्यावर आपटते, नाही तर हँडलमध्ये अडकते. तिला सावरायला एक हात जातो आणि सायकल उरलेल्या एका हातानं चालवावी लागते. काखेतल्या पर्सचंही तेच. रोज सायकल चालवणाऱ्या बाईला दोन्ही खांद्यांवर बसणारी, तिच्या मापाची सॅक लागते. आणि नेमकी तीच आपल्या शिवणवर्गांत शिकवली जात नाही.

विषय किरकोळ वाटेल. हिंसाचार, पोटगी, मालमत्तेतला हक्क असे प्रश्न समोर असताना पिशवीवर काय लिहायचं? पण बाईचं बाहेर पडणं हा आपल्याला महत्त्वाचा प्रश्न वाटत असेल, तर ती बाहेर पडताना काय काय उचलून नेते आणि कसं नेते, हाही त्याच प्रश्नाचा भाग आहे.

सोलापूरचंच बघू. इथली पहिली कापडगिरणी १८७७ सालची. गिरण्यांचा काळ सरला. आज शहर चादर, टॉवेल, गणवेशाची शिलाई आणि विड्या यांवर जगतं. विडी वळणं हे जवळपास सगळं बायकांचं काम. कारखान्यातून तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी आणायचा, पानं भिजवून कापायची, विड्या वळायच्या आणि मोजून परत नेऊन द्यायच्या. चेमटलेली किंवा दमट विडी छाटात जाते, म्हणजे तेवढी मेहनत फुकट. शिलाईचं कामही पुष्कळसं घरी येतं: कापलेल्या कपड्यांचे गठ्ठे आणायचे, शिवून पोचवायचे. कच्चा माल आणि तयार माल यांची ही रोजची ने-आण बाईच्या अंगावर असते, आणि तिची मजुरी वेगळी कुणी धरत नाही.

त्यात घरं लांब गेली. २००६ साली कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत झाली. जानेवारी २०२४ मध्ये तिथेच रे नगरची पंधरा हजार घरं कामगारांच्या ताब्यात दिली गेली. हक्काचं पक्कं घर ही मोठी लढून मिळवलेली गोष्ट आहे, तिचं मोल कमी करायचं कारण नाही. पण कुंभारी शहरापासून साधारण दहा किलोमीटर. कॉलेज, मोठा दवाखाना, बाजार आणि पुष्कळांचं काम शहरातच राहिलं. महापालिकेची बससेवा गेल्या काही वर्षांत रोडावत गेली. रिक्षाचं भाडं दिवसाच्या मजुरीतून जातं, आणि पैसे कमी पडले की घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो मुलीच्या कॉलेजबद्दल.

रोज वीस किलोमीटर सायकल मारा, असं मी कुणाला सांगणार नाही. मे महिन्यात तर मुळीच नाही. पण वसाहतीतल्या वसाहतीत, विडी कारखान्यापर्यंत, शाळेपर्यंत, अंगणवाडीपर्यंत, बाजारापर्यंत जे दोन-चार किलोमीटर रोज तुडवले जातात, त्यांना सायकलइतकं स्वस्त साधन नाही. तिला पेट्रोल लागत नाही, परवाना लागत नाही, आणि नवऱ्याकडे किल्ली मागावी लागत नाही.

सायकलीनं काय होतं हे देशानं पाहिलेलं आहे. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१-९२च्या सुमारास साक्षरता मोहिमेतच बायकांना सायकल शिकवली गेली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथं जिल्हाधिकारी होत्या. हजारो बायका, त्यातल्या कित्येक शेतमजूर आणि खाणमजूर, सायकल शिकल्या. बिहारनं २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. त्या योजनेमुळे योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली, असं त्यांना आढळलं.

सायकल दिली की काम झालं असं मात्र नाही. पुरुष बहुधा घरातून निघतो, कामावर जातो आणि परत येतो. बाईचा फेरा असा सरळ नसतो. जाताना तयार माल, वाटेत मुलाला शाळेत सोडणं, येताना रेशन, भाजी, सासऱ्यांची औषधं. आशा कार्यकर्ती असेल तर रजिस्टरं, गोळ्या, तपासणीचं सामान. बाई सहसा रिकाम्या हातानं कुठे जातच नाही. म्हणून तिच्यासाठी सायकलचा विचार करताना ओझ्याचा विचार टाळता येत नाही.

आता सॅक कशी असावी ते बघू. पहिली गोष्ट: सगळंच पाठीवर घ्यायचं नाही. पाच-दहा किलोचं रेशन कॅरिअरवर, दोरीनं घट्ट बांधून. सायकलवर पाठीवर ओझं असलं की त्याचा भार कंबरेवर आणि बैठकीवर येतो, आणि वळताना तोल जातो. शाळेच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं, असं महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली ठरवलं. मोठ्या बाईनंही तोच हिशेब धरावा. पंचेचाळीस किलोच्या बाईनं पाठीवर फार तर चार-साडेचार किलो घ्यावं. आपल्या किती बायका अशक्त आहेत हे आपण जाणतो. त्यांनी आणखी कमी.

दुसरी गोष्ट मापाची. बाजारात मिळणारी सॅक बहुधा कॉलेजच्या मुलाचा बांधा धरून केलेली असते. आपल्या पाठीची लांबी कमी, खांदे अरुंद. मग पट्टे बाहेर घसरतात, सॅक ढुंगणावर लोंबते आणि बाई दिवसभर खांदे उचलून धरते. माप घेणं सोपं आहे. मान पुढे वाकवली की मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं, तिथपासून कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. सॅकची उंची त्याहून जास्त नको. रुंदी पाठीएवढीच, कोपरं मागे नेताना लागता कामा नयेत. दोन पट्ट्यांची वरची टोकं मानेकडे जवळ हवीत आणि पट्टा छातीच्या बाजूनं वळून खाली गेला पाहिजे. सरळ पट्टा स्तनांवर दाबतो, दूध पाजणाऱ्या बाईला तर दुखतोच. हे बोलायला आपण संकोचतो, म्हणून सॅक शिवणाऱ्याला ते कधी कळत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या पोशाखाची. ओढणी किंवा पदर चाकात अडकून झालेले अपघात आपण सगळ्यांनी ऐकलेले आहेत. उजव्या पट्ट्यावर एक लूप आणि टिचबटण लावलं तर ओढणीचं टोक तिथं अडकवता येतं. पट्ट्यांची मोकळी टोकं गुंडाळून बसवायला रबरी कडी हवी, म्हणजे तीही चाकाकडे लोंबणार नाहीत. वर उचलायची मूठ मऊ आणि आडवी असावी, वेणी किंवा अंबाडा तिच्यात अडकू नये. मागच्या बाजूला आणि दोन्ही पट्ट्यांवर चमकणारी पट्टी शिवावी. संध्याकाळी काम सुटल्यावर ट्रकवाल्याला बाई दिसली पाहिजे.

चौथी गोष्ट आतल्या कप्प्यांची. तंबाखू आणि जेवणाचा डबा एका पिशवीत कधीच नको. तंबाखूसाठी वेगळी, धुता येणारी थैली असावी आणि ती सॅकच्या बाहेर, कॅरिअरवर जावी. तयार विड्यांसाठी तळाशी सपाट, ताठ पुठ्ठा किंवा प्लॅस्टिकचा पत्रा हवा. रजिस्टरं पाठीला लागून उभी राहिली तर वजन अंगाजवळ राहतं. पैसे, ओळखपत्र आणि फोन यांचा खिसा पाठीकडच्या बाजूला, मागून कुणाचा हात पोचणार नाही असा.

सामान इथलंच वापरता येईल. सोलापुरी चादरीला भौगोलिक उपदर्शन मिळालेलं आहे, तिचा अभिमान मलाही आहे. पण चादरीची सॅक दिसते छान, पावसात पाणी पिऊन दुप्पट जड होते. चादरीचा तुकडा बाहेरच्या खिशाला पुरे. अंगाला जाड कॅनव्हास, आत छत्रीच्या कापडाचं अस्तर, आणि त्याच कापडाची पावसाळी टोपी, तळाच्या खिशात घडी घालून ठेवता येईल अशी. आपला टेरी टॉवेल मात्र इथे खरा कामाचा. उन्हाळ्यात चाळिशीच्या वर पारा जातो, पाठ घामानं भिजते. पाठीकडे फोमच्या दोन उभ्या गाद्या, मधून वारा जायला फट, आणि गाद्यांवर टॉवेलची खोळ, बटणांनी लावता-काढता येणारी. रोज रात्री काढायची, धुवायची, सकाळी लावायची. रंग फिका असावा. काळं कापड उन्हात तापतं.

शिवताना जिथं ताण येतो तिथं हात आखडता घेऊ नये. पट्ट्याची नवार शिवणीच्या आत दोन-तीन इंच जाऊ द्यावी, आणि तिच्यावर चौकोन व त्यात फुली अशी टीप मारावी. कॅनव्हासला अठरा नंबरची सुई आणि पॉलिएस्टरचा दोरा. आतल्या कडांना गोट, नाही तर धागे सुटून चेनमध्ये अडकतात. चेन मोठ्या दातांची, रनर धातूचा, म्हणजे बिघडला तर कोपऱ्यावरचा चेनवाला बदलून देईल.

विकत घेणारीनंही अशीच पारख करावी. रंग आणि भरतकाम बघायच्या आधी सॅक उलटी करून आतल्या शिवणी बघाव्यात. तीन किलो डाळ-तांदूळ भरून पाठीवर घ्यावी, सायकलवर बसावं, उजव्या खांद्यावरून मागे वळून रस्ता दिसतो का ते पाहावं, दोन्ही पट्टे एका हातानं कमी-जास्त होतात का ते पाहावं. उतरून एक पट्टा जोरानं ओढावा. यातलं काही करू द्यायला दुकानदार नको म्हणाला, तर सॅक ठेवून यावी.

आता आपल्या शिवणवर्गांबद्दल. बचत गटांच्या प्रदर्शनात जा, तेच ते दिसतं: पर्स, मोबाइल कव्हर, बटवे, तोरणं. हे सगळं दुसऱ्या कुणाच्या हौसेसाठी असतं, आणि घेणारी बहुधा ‘गरीब बायकांनी केलंय’ म्हणून घेते. दयेवर एकदा विक्री होते, दुसऱ्यांदा नाही. शिवणारीला स्वतःच्या वापराची वस्तू शिकवली तर दोन गोष्टी घडतात. ती स्वतः वापरते, म्हणून चूक कुठे आहे हे तिला कुणी सांगावं लागत नाही. आणि गिऱ्हाईक शेजारीच असतं: शेजारीण, आशाताई, कॉलेजची पोरगी.

हातानं केलेली सॅक महाग पडते, हा आक्षेप खरा आहे. चौकातली सॅक स्वस्त मिळते. पण ती स्वस्त का, हे आपल्याइतकं कुणाला माहीत? नगावर शिवणारी जी बाई आहे, तिचं घर, तिची वीज, तिचं मशीन, तिच्या मुलीचे दोरे कापणारे हात, यांतलं काहीच हिशेबात धरलेलं नसतं. घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ सालच्या १७७व्या करारात म्हटलं. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. म्हणून ‘हातानं बनवलेली’ एवढी चिठ्ठी पुरेशी नाही. एक सॅक शिवायला किती तास लागले ते मोजायचं, त्याला किमान वेतनाच्या दरानं गुणायचं, त्यात सामान, वीज आणि मशीनची झीज मिळवायची, मग किंमत ठरवायची. ती गरीब बाईला एकरकमी झेपणार नाही, तर बचत गटानं चार हप्त्यांत द्यावी. गट म्हशीसाठी कर्ज देतो, लग्नासाठी देतो. बाईच्या पाठीसाठी द्यायला काय हरकत आहे?

नुसत्या सॅकेनं रस्ता सुरक्षित होत नाही हेही खरं. कडेला चालायला जागा, रस्त्यावर दिवे, छेड काढणाऱ्याला जरब, वेळेवर बस, हे सगळं मागायचंच आहे, आणि ते मागायला महापालिकेत जायचंच आहे. पण तोवर बाईनं डोक्यावर, कमरेवर आणि काखेत ओझं सांभाळत जावं, असं कुठे आहे? ओझं नीट पाठीवर बसलं की दोन्ही हात हँडलवर राहतात आणि डोळे रस्त्यावर.

म्हणून माझी सूचना साधी आहे. ज्या ज्या गटात शिलाईचं प्रशिक्षण सुरू होणार असेल, तिथं पहिल्या दिवशी टेप काढून बायकांनी एकमेकींच्या पाठीची मापं घ्यावीत. रोज काय काय उचलून नेतो त्याची यादी करावी, ते सामान तराजूत घालून बघावं. पहिली सॅक प्रत्येकीनं स्वतःसाठी शिवावी, महिनाभर वापरावी, जिथं काचते तिथं उसवून पुन्हा शिवावी. विकायची ती दुसरी.